झळ, धग, चटका आणि ऊब

‘गरम होती है.’

या तीन शब्दांवर माझं घर चालतं. करोल बागेत मोटरसायकलींच्या सामानाची गल्ली आहे. तिथे हेल्मेटं आणि सायलेन्सर दुकानांबाहेर घोसांनी लटकत असतात. त्या गल्लीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. आमच्याकडे टूरिंगच्या मोठ्या गाड्या येतात. लोक त्या लडाखला जायचं म्हणून घेतात आणि वर्षातले बाकीचे दिवस धौला कुआँच्या सिग्नलला उभ्या करतात. एप्रिल लागला की आमचं शटर वर जाण्याआधीच कुणीतरी बाहेर थांबलेला दिसतो. एका हातात हेल्मेट, आणि दुसऱ्या हाताने मांडीवरची पँट चिमटीत धरून कातडीपासून दूर केलेली. तो तोंड उघडण्याआधीच तो काय म्हणणार हे मला ठाऊक असतं.

तुमच्या धंद्यात लिहिण्यासारखं काय असतं, असं या अंकाच्या संपादकांनी विचारलं. मी म्हटलं, एक सिग्नल आणि एक पोटरी. ते हसले, पण मी खरंच तेवढंच सांगणार आहे.

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत नागपूरहून दिल्लीला आले. आम्ही भावंडं सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. बाकीच्यांनी सरकारी नोकऱ्या धरल्या, मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि हात काळे करून घेतले. माझी बायको एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. ती म्हणते की तिच्या फायली निदान थंड तरी असतात.

आधी हिशेब मांडतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलपैकी चाक फिरवायला जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो. उरलेल्याची नुसती उष्णता होते आणि ती बाहेर काढावी लागते. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा हे काम करतो. गाडी थांबली की वारा थांबतो, इंजिन मात्र चालूच राहतं. मग इंजिनाभोवती फिरणारं पाणी, ज्याला आम्ही कूलंट म्हणतो, ते तापू लागतं. पळताना ते ऐंशी-नव्वद अंशांवर असतं, सिग्नलला शंभराच्या पुढे जातं. एकशे तीन-चारच्या आसपास रेडिएटरमागचा पंखा सुरू होतो, तापमान सहा-सात अंशांनी खाली आणतो, बंद होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. झाकणाखाली दाब असतो, म्हणून हे पाणी शंभराला उकळत नाही, एकशे वीसच्या पुढपर्यंत तग धरतं. म्हणजे काट्यावर एकशे पाच दिसलं तर गाडी आपलं काम नीट करते आहे. गिऱ्हाईक मात्र त्या आकड्याचा फोटो काढून मला पाठवतं आणि खाली तीन प्रश्नचिन्हं टाकतं.

आता पंख्याने ओढलेली ती गरम हवा जाणार कुठे? स्वाराच्या पायांवर. वर पंचेचाळीस अंशांचं ऊन, खाली तापलेलं डांबर, शेजारी बसचं इंजिन, आणि त्यात ही हवा. गिऱ्हाइकाने ‘गरम होती है’ म्हटलं की त्यात हे सगळं एकत्र आलेलं असतं आणि त्यावरून मला काहीच कळत नाही. म्हणून मी मनातल्या मनात त्याचं मराठी करून घेतो.

वाहत्या हवेतून येते ती झळ. ती पंख्याची असते, म्हणजे पंखा शाबूत आहे. अशा माणसाला मी सांगतो की न्यूट्रलमध्ये टाका, सरळ बसा, गुडघे टाकीपासून जरा दूर घ्या आणि पातळ पँट घालून येऊ नका. न टेकता, समोरच्या तापलेल्या वस्तूकडून नुसती अंगावर येते ती धग. ती सिलिंडरची किंवा सायलेन्सरच्या नळीची असते. त्यासाठी मधे पत्र्याचा आडोसा लावता येतो. आणि टेकल्यावर बसतो तो चटका. चटका म्हणजे कुठला तरी आडोसा वाकलाय, सुटलाय, नाहीतर कुणी तरी काढून टाकलाय. धातू पन्नासच्या पुढे असेल तर काही मिनिटं टेकून राहिल्यावर कातडी भाजते. साठला तर काही सेकंद पुरतात. तक्रार यांतली नेमकी कुठली हे कळलं की माझं अर्धं काम झालेलं असतं.

माझी मुलगी आर्या दिल्लीतच वाढली. तिला मी हे एकदा जेवताना समजावलं. ती म्हणाली, “पप्पा, सगळं गरमच आहे ना यार.” मग तिने विचारलं, “पोटरी म्हणजे एग्झॅक्टली कुठे?”

बाकी उपाय साधे आहेत. लाल दिव्यावरचे उलटे आकडे साठ सेकंदांच्या वर असतील तर इंजिन बंद करावं. पुन्हा चालू केल्यावर काटा आधीपेक्षा वर दिसेल, कारण इंजिनाबरोबर पाण्याचा पंपही थांबलेला असतो. गाडी हलली की तो उतरतो. अर्ध्या क्लचवर रांगत जाऊ नये, पुढे दहा फूट जागा होऊ द्यावी आणि मग सरकावं. रेडिएटरसमोर जादा दिव्यांची माळ लावू नये. वसंतात दिल्लीत सावरीचा कापूस उडतो. तो रेडिएटरच्या जाळीत जाऊन लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट बसतो. तो ब्रशने काढावा, प्रेशरच्या पाण्याने काढू नये, जाळी वाकते. मे महिन्यात इथले सगळे दुचाकीवाले झेब्रा पट्ट्यांपासून पंचवीस-तीस मीटर मागे, कडुलिंबाच्या सावलीत थांबतात आणि मागचे मोटारवाले हॉर्न वाजवून जीव काढतात. त्यांना वाजवू द्यावं.

हे सांगताना मी शांत वाटत असेन, पण मी तसा नाही. सकाळी स्कूटरने येताना सिग्नलला थांबलो की माझे कान शेजारच्या गाड्यांकडे असतात. कुठल्या गाडीचा पंखा लागलाय, कुठल्या गाडीचा लागायला हवा होता आणि लागला नाही. असा एखादा दिसला की मी मान वळवून त्याचं लक्ष वेधू बघतो, तेवढ्यात दिवा हिरवा होतो आणि तो निघून जातो. मग दिवसभर ती गाडी माझ्या डोक्यात चालू राहते. त्याने पुढच्या सिग्नलला बंद केली असेल का? काटा बघत असेल का? जेवताना बायको विचारते की आज कुणाची गाडी पोटात घेऊन आलास.

ही खोड मला एका माणसाने लावली. गुरुग्रामच्या एका कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने आधी दोनदा येऊन पायांना फार गरम हवा लागते अशी तक्रार केली होती. आम्ही दोन्ही वेळा गाडी तपासून परत दिली, कारण तिच्यात बिघाड काहीच नव्हता. तिसऱ्या वेळी तो तक्रार घेऊन आला नाही, आम्हाला शिकवायला आला. तुमच्याकडून जे झालं नाही ते सेक्टर चौदाच्या नाक्यावरच्या मेकॅनिकने दहा मिनिटांत केलं, आता पायांना काही लागत नाही, असं त्याने चहा घेत घेत सांगितलं. मी गाडी चालू करून उभी ठेवली. काटा एकशे पाचवर गेला, एकशे दहावर गेला, तरी सगळं शांत. त्या नाक्यावरच्या माणसाने पंख्याची वायर काढून टेप लावून ठेवली होती. पंखाच नाही तर झळ कुठून येणार? ती उष्णता आतल्या आत इंजिन शिजवत होती. अशी आणखी चार-पाचदा उभी राहिली असती तर हेडचं गॅस्केट जळून इंजिन बसलं असतं. मी ती टेप त्याच्या हातात ठेवली. ती उलटसुलट करून बघत तो म्हणाला, “मतलब गरम होना अच्छा था?”

त्या दिवसापासून माझा एक नियम झाला. कुणी म्हणालं की गाडी गरम होते, तर मी निवांत असतो. कुणी म्हणालं की आता गरम होत नाही, तर मी खुर्चीवरून उठतो. उष्णता नाहीशी होत नाही. ती गेली कुठे, ते शोधायचं.

आता त्या पोटरीकडे येतो.

सोनटक्के साहेब कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहात नोकरीला. मूळचे अमरावतीकडचे, निवृत्तीला थोडे महिने उरलेले. अंगावर कायम इस्त्रीची टेरिकॉटची पँट, मोटरसायकलवर बसतानाही तीच. मुलांची लग्नं झाल्यावर त्यांनी टूरिंगची गाडी घेतली. मला ते भाऊ म्हणतात, आणि गाडीबद्दल असं बोलतात की जणू एखादी हुशार सून घरात आली आहे. निवृत्तीनंतर वहिनींना मागे बसवून दिल्ली ते नागपूर आणि तिथून पुढे गावी जायचं, हा त्यांचा बेत आमच्या सगळ्या वर्कशॉपला पाठ होता. अंतर जवळपास अकराशे किलोमीटर. मुक्काम ग्वाल्हेर, सागर, सिवनी. वहिनींनी बरीच वर्षं नाही म्हणून शेवटी एका अटीवर होकार दिला होता, ती म्हणजे मागच्या सीटला पाठीसाठी टेकू हवा. तो टेकू आम्हीच बसवला होता.

दर संक्रांतीला दिल्लीतले आम्ही काही मराठी लोक मोटरसायकलींवर पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जातो. मी बरोबर असतो, कारण वाटेत कुणाची तरी चेन सैल होतेच. गेल्या जानेवारीत परतताना धुकं होतं आणि दिल्लीच्या हद्दीवर गाड्यांची रांग लागली होती. तासभर आम्ही इंच इंच सरकत होतो. बोटं बधिर झाली होती. प्रत्येक जण हातमोजा काढून पंजा इंजिनाजवळ धरत होता. सोनटक्के साहेब मात्र मजेत होते. म्हणाले, “माझ्या उजव्या पोटरीला बघा कशी छान ऊब लागतेय. तुमच्या गाड्यांना हीटर नाही वाटतं?” आम्ही सगळे हसलो. त्या थंडीत त्यांचा हेवाच वाटला.

मे महिन्यात एका सकाळी ते आले ते बर्फीचा डबा घेऊन. आमचा मुख्य मेकॅनिक इक्बाल. त्याच्या तोंडात त्यांनी स्वतःच्या हाताने बर्फी घातली. मागच्या उन्हाळ्यात सिग्नलला उजवा पाय भाजायचा, सारखा उचलून धरावा लागायचा, या वर्षी काही नाही, कमाल केलीस भाई, असं त्याला हिंदीत ऐकवलं. इक्बालने मान तुकवून कौतुक घेतलं. मीही एक बर्फी उचलली.

ती तोंडाशी गेली आणि तिथेच थांबली. मागच्या सर्व्हिसिंगमध्ये आम्ही काय केलं होतं? तेल, फिल्टर, चेन, पुढचे ब्रेक पॅड. उष्णतेशी संबंध असलेलं एकही काम नव्हतं. मग ती गेली कुठे?

मी बर्फी कागदावर ठेवली आणि गाडी चालू करायला सांगितली. मनात पंख्याची वायर होती. पण एकशे चारला पंखा लागला, व्यवस्थित लागला. आमच्याकडे लांबून तापमान दाखवणारं पिस्तुलासारखं यंत्र आहे. ते मी उजव्या बाजूच्या सायलेन्सरच्या आडोशावर रोखलं, जिथे पोटरी टेकते त्या जागी. अठ्ठावन्न. मागच्या मेमध्ये याच गाडीवर, याच जागी मी सत्तावन्न पाहिलं होतं. असे आकडे मी विसरत नाही. गाडी होती तेवढीच तापत होती.

“साहेब,” मी मराठीत विचारलं, “सिग्नलला नक्की काय लागतं पायाला? झळ की धग?”

“काही नाही हो. जरा ऊब लागते, बस. बरं वाटतं उलट.”

ऊब हा गोधडीचा शब्द आहे. ऊब हवीशी असते. मे महिन्यात, धौला कुआँला, अठ्ठावन्न अंशांच्या पत्र्याची ऊब कुणालाही लागत नाही. आणि मला एकदम आठवलं की हाच शब्द त्यांनी जानेवारीतही वापरला होता. तेव्हा तो थंडीत शोभून दिसला, एवढंच.

“पँट जरा वर घेता का? उजवी.”

ते हसले. “भाऊ, मी गाडी दाखवायला आलोय. पाय नाही.”

“गाडी बघितली. गाडीला काही झालेलं नाही.”

इक्बालचे हात थांबले. सोनटक्के साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. एकदाचं संपवावं अशा वैतागाने त्यांनी पँट वर केली. पोटरीच्या आतल्या बाजूला फोड येऊन फुटला होता आणि मोज्याचा काठ त्याला चिकटून वाळला होता. आजूबाजूला तपकिरी डाग होते, काही जुने, काही त्यावर आलेले नवे. ते वाकून बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघावा तसे.

“डास चावला असेल,” ते म्हणाले.

“साहब, इतना बड़ा मच्छर करोल बाग में नहीं होता,” इक्बाल हळूच म्हणाला. त्या क्षणी आम्हा तिघांपैकी कुणालाही हसू आलं नाही.

मी डॉक्टर नाही. पण हातात काहीतरी घेतल्याशिवाय मला विचार करता येत नाही. मी ट्रेमधला एक स्टीलचा पाना उचलला. कूलरसमोर पडून तो चांगला गार झाला होता. त्यांना वर छताकडे बघायला सांगितलं. म्हटलं, घोट्याला पाना लावतो, लागला की सांगा. ते वर बघू लागले. इक्बालने गाडी बंद केली. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, तेवढाच आवाज.

“लावा की,” ते म्हणाले.

पाना केव्हाचा लावलेला होता.

त्यांनी खाली पाहिलं आणि पाना घोट्यावर दिसला. त्यांचा चेहरा आधी उतरला आणि मग कडक झाला. सरळ उभे राहून त्यांनी पँट खाली ओढली. इतक्या वर्षांत मला त्यांनी कधी साहेबी आवाज ऐकवला नव्हता, तो तेव्हा ऐकवला. मेकॅनिकसमोर, दुकानात, पाय उघडा करून दाखवायला लावता. उद्या नाडी बघाल. चावी द्या.

“चावी देतो,” मी म्हणालो. “पण आधी वहिनींना फोन तुम्ही करता की मी?”

त्यांनी चावी घेतलीच नाही. तसेच बाहेर पडले, रस्त्यावर आले आणि रिक्षा थांबवून निघून गेले. बर्फीचा डबा टेबलावर राहिला. गाडी वर्कशॉपमध्येच राहिली.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. मालक म्हणाले, गिऱ्हाईक घालवलंस. बायको म्हणाली, तू काय डॉक्टर आहेस का? आणि मग, माझं तोंड बघून, बरं केलंस म्हणाली. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. एकदा मंडी हाउसपर्यंत गेलो, कोपर्निकस मार्गावर वळलो, फाटकासमोर स्कूटर थांबवली आणि तशीच पुढे नेली. आत जाऊन काय सांगणार? मी चुकलो असेन तर एका मोठ्या माणसाचा चारचौघांत अपमान केला होता. मी बरोबर असेन तर त्यांचा पाय हातचा जात होता. यातलं काय खरं ठरावं हे मनात ठरवणंसुद्धा मला जमेना. कुठलीही इच्छा केली तरी ती चुकीची वाटायची.

बॅटरी उतरू नये म्हणून त्यांची गाडी अधूनमधून चालू करून ठेवायचो. काटा चढायचा, पंखा लागायचा, झळ माझ्या पायांवर यायची. मी गुडघा बाहेर घ्यायचो. आणि दर वेळी मनात यायचं की हे मला कळलं, म्हणजे माझं ठीक आहे. मग लाज वाटायची. घरी आंघोळीच्या आधी मी पायाच्या बोटाने बादलीतलं पाणी तपासू लागलो. आर्याने ते पाहिलं आणि विचारलं, “पप्पा, हे काय नवीन?” मी म्हटलं, कोमट आहे का बघतोय. तिला कोमट माहीत होतं. तेवढंच बरं वाटलं.

पावसाळ्यात एका दुपारी वहिनी आल्या. एकट्याच. बारीक चणीच्या बाई, बोलणं सरळ आणि धारदार. मी खुर्ची दिली तर म्हणाल्या, आधी गाडी दाखवा. गाडीभोवती त्या एकदा फिरल्या.

“तुमच्या साहेबांनी घरी काय सांगितलं माहितीये? वर्कशॉपवाल्याने गाडी अडकवून ठेवलीय. सुटा भाग मिळत नाही म्हणे.”

मी म्हटलं की सुट्या भागाचा काही प्रश्न नव्हता.

“कळलं ते. मोजा धुवायला घेतला तेव्हा कळलं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. घरात चालताना साहेबांच्या पायातली चप्पल निसटायची आणि ते तसेच पुढे जायचे. वहिनी म्हणायच्या, लक्ष कुठे असतं तुमचं? ते म्हणायचे, ऑफिसात. दोघांनाही ते पटायचं. मोज्यावरचा डाग पाहिल्यावर वहिनींनी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. रक्तात बी-ट्वेल्व्ह जवळपास नव्हतंच. ॲसिडिटीची गोळी ते वर्षानुवर्षं रोज घेत होते, मटण-मासे कधीचे सोडलेले, आणि साखरही काठावर आलेली. डॉक्टरांनी सांगितलं की नसांना पोषण मिळत नव्हतं, पायांची जाणीव हळूहळू गेली, म्हणून ती गेल्याचं कुणाला कळलं नाही. इंजेक्शनं सुरू केली होती. जखम भरत होती. जाणीव किती परत येईल, येईल की नाही, हे आत्ता सांगता येणार नाही. गाडी अजिबात नाही. ब्रेकवर पाय आहे की नाही हेच ज्याला कळत नाही त्याने गाडीवर बसायचं नाही. हे ऐकल्यावर त्यांनी घरात बोलणं टाकलं होतं.

“पायाचं एवढं नाही हो,” वहिनी म्हणाल्या. “तोंडावर जे आलंय ना, ते मला बघवत नाही.”

त्या मागच्या सीटपाशी थांबल्या. टेकूवर हात ठेवून त्यांनी तो जरा हलवून पाहिला.

“हाच का तो?”

“हो. तुमच्या उंचीला बेतून बसवलाय.”

“घाई नाही,” त्या म्हणाल्या. “पण काढू नका.”

त्या गेल्यावर इक्बालने गाडीवर धुळीचं कापड टाकलं आणि टेकूपाशी ते नीट खोचलं. मी बरोबर ठरलो होतो. त्याचा मला जराही आनंद झाला नाही.

आता हे लिहायला बसण्याच्या थोडे दिवस आधीचं, दसऱ्याच्या सुमाराचं. सकाळी शटर अर्धं वर होतं. खालून आधी बूट दिसले, जाड तळाचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. मग सोनटक्के साहेब वाकून आत आले. मेट्रोने आले होते. पायरी चढताना खाली बघून पाय ठेवत होते.

“जयभीम, भाऊ.”

मी जयभीम म्हटलं. मेनंतर आमच्यातला तो पहिला शब्द होता. त्यांनी पँटबद्दल, पान्याबद्दल, वहिनींबद्दल काही काढलं नाही. एवढंच म्हणाले की डॉक्टरांनी अजून गाडी चालवायची परवानगी दिलेली नाही, तळपाय बधिरच आहेत, पण घोट्याच्या वर काहीतरी वळवळतं, मुंग्या आल्यासारखं. नुसतं बसून बघायचं आहे. मी म्हटलं, बसा, पण पाय धातूला लावायचा नाही. पावसाळ्यात आम्ही उजवीकडे एक जादा आडोसा बसवून ठेवला होता. तो त्यांना दाखवला. त्यांनी निमूट मान हलवली.

कापड काढलं. ते बसले. इक्बालने गाडी चालू केली. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात टाकीवर ठेवले. मी काट्याकडे बघत होतो. ऐंशी. नव्वद. शंभर. एकशे चारला पंखा लागला.

काही नाही. त्यांचा चेहरा तसाच होता. पंखा अठ्ठ्याण्णवला बंद झाला. इक्बालने माझ्याकडे पाहिलं, बंद करू का? मी मानेने नको म्हटलं. मला स्वतःला तिथे उभं राहवत नव्हतं. काटा पुन्हा चढू लागला, नेहमीपेक्षा हळू चढतोय असं वाटलं, पंखा पुन्हा लागला.

त्यांचा उजवा गुडघा हलला. टाकीपासून दूर, बाहेर, जसा सिग्नलला उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाचा जातो तसा. त्यांच्या ते लक्षात यायच्या आधी माझ्या लक्षात आलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि आपल्या गुडघ्याकडे बघत राहिले.

“झळ का?” मी विचारलं.

मान वळवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली.

“इक्बाल भाई, गाड़ी गरम होती है.”

“लिख लूँ, साहब?”

“लिख लो.”

मी सवयीने ते यंत्र उचललं आणि आडोशाच्या आतल्या जुन्या जागेवर रोखलं. अठ्ठावन्न.